न मोजलेल्या मृत्यूंची मोजणी : गडचिरोलीतील एका संशोधनाचा इतिहास

१/
आपल्या भागाचा इतिहास म्हटला की माणिकगड, गोंड राजे, चांद्याचा परकोट आणि बल्लारपूरचा किल्ला डोळ्यांपुढे येतात. त्यानंतर कोळसा, कागद आणि सिमेंट. आजचा धागा ज्ञानाच्या इतिहासाचा आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस याच अरण्यप्रदेशात वैद्यकीय संशोधनाची एक परंपरा उभी राहिली. तिचे निष्कर्ष लंडनच्या ‘द लॅन्सेट’ या साप्ताहिकाने छापले, आणि बारापलीकडे अंक न येणाऱ्या दाईनेही त्यांचा उपयोग केला. एकच ज्ञान या दोन टोकांपर्यंत कसे पोहोचले, हा आजचा प्रश्न.

२/
आधी भूगोल. राजुरा तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात आला. त्या काळचा चांदा जिल्हा वर्धा नदीपासून थेट इंद्रावतीपर्यंत पसरलेला होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. जिल्ह्याचे मुख्यालय नवे असले तरी जंगल, पूर येणारे नाले, तेंदूपत्त्याचा हंगाम आणि दूरचा दवाखाना हे सारे जुनेच होते. याच नव्या जिल्ह्यात चार वर्षांनी डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग येऊन राहिले.

३/
अभय बंग यांचा जन्म १९५० चा, वर्ध्याचा. वडील ठाकूरदास बंग हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि सर्वोदयी कार्यकर्ते. आई सुमन बंग याही त्याच प्रवाहातल्या. मुलाचे शालेय शिक्षण सेवाग्रामच्या नयी तालीम शाळेत झाले. तेथे शेती, स्वयंपाक आणि सूतकताई यांतूनच गणित आणि विज्ञान शिकवले जाई. ज्ञान हाताच्या कामातून जन्मते आणि पुन्हा हाताच्या कामालाच उपयोगी पडले पाहिजे, हा संस्कार तेथला. पुढच्या सगळ्या संशोधनावर त्याची छाप दिसते.

४/
राणी बंग या मूळच्या चंद्रपूरच्या, माहेरच्या चारी. म्हणजे या कथेतील अर्धा वाटा आपल्याच जिल्ह्याचा आहे. दोघांचे वैद्यकीय शिक्षण नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात झाले. अभय यांचा विषय वैद्यकशास्त्र, तर राणी यांचा स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र. १९७७ मध्ये विवाह झाल्यावर दोघांनी वर्धा जिल्ह्यातील खेड्यांत काम सुरू केले. तेथे त्यांच्या ध्यानी आले, की शेतमजुराच्या आजारांची मुळे पुष्कळदा त्याच्या मजुरीत असतात, आणि मजुरीवर औषधाची चिठ्ठी लिहिता येत नाही.

५/
तेव्हा राज्यात शेतमजुराची किमान मजुरी दिवसाला अवघी चार रुपये ठरवलेली होती. ज्या हिशेबावर ती बेतली होती, तो हिशेब अभय बंग यांनी तपासायला घेतला. कष्टकरी शरीराला लागणारे उष्मांक कमी धरलेले, कुटुंबाच्या गरजा अपुऱ्या मोजलेल्या. चुका दुरुस्त करून मांडणी केल्यावर आकडा निघाला सुमारे बारा रुपये. मजुरांच्या संघटनांनी तो उचलून धरला आणि पुढे शासनाला मजुरी वाढवावी लागली. आकडेमोड अचूक असली आणि ती योग्य माणसांच्या हाती पडली, तर काय घडू शकते, याचा हा पहिला अनुभव.

६/
पण संशोधनाची शिस्त अंगी बाणायची राहिली होती. त्यासाठी दोघे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले, सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली आणि १९८४ मध्ये परतले. १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेचे काम सुरू झाले. पहिली जागा होती तेंदूपत्ता साठवण्याचे एक गोदाम. ज्या विद्यापीठात लोकसंख्याशास्त्राचे धडे घेतले, त्याच्या ग्रंथालयापासून हे गोदाम किती दूर होते, हे मैलांत सांगण्यात अर्थ नाही.

७/
पहिला मोठा अभ्यास सिकलसेलचा. रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा हा आनुवंशिक विकार आदिवासींमध्ये मोठ्या प्रमाणावर आढळला. शास्त्रीय दृष्टीने शोध महत्त्वाचा होता. पण लोकांना त्यात फारसा रस वाटला नाही. रोग पिढ्यान्‌पिढ्यांचा, बरा करण्याचा उपाय हाती नाही. मग रक्त देऊन आम्हांला मिळाले काय, असा त्यांचा प्रश्न होता. या प्रश्नाने संशोधनाची दिशाच बदलली. यापुढे विषय निवडण्याआधी लोकांना विचारायचे, असे ठरले. ‘लोकांवर संशोधन’ आणि ‘लोकांसाठी, लोकांसोबत संशोधन’ यांतला फरक गडचिरोलीने शिकवला.

८/
विचारण्याचा पहिला परिणाम दवाखान्याच्या बांधणीत दिसतो. मोठ्या इमारतीची, पांढऱ्या कपड्यांची आणि परक्या भाषेची भीती वाटते, असे आदिवासींनी सांगितले. रुग्णासोबत नातेवाइकांना राहता आले पाहिजे आणि दवाखाना आपल्या देवीच्या नावाचा असावा, अशी त्यांची मागणी होती. त्याप्रमाणे चातगावजवळच्या शोधग्रामात झोपड्यांच्या धर्तीवर दवाखाना उभा राहिला आणि त्याला ‘माँ दंतेश्वरी दवाखाना’ हे नाव मिळाले. इमारतीने माणसाशी कोणत्या भाषेत बोलावे, हाही विज्ञानाच्या प्रसाराचाच भाग आहे.

९/
ऐकण्याची पुढची पायरी राणी बंग यांची. गावोगावच्या बायका त्यांच्याजवळ अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, पाळीचा त्रास यांविषयी बोलत. पण तेव्हाच्या आरोग्यव्यवस्थेत ग्रामीण स्त्री म्हणजे गर्भवती किंवा कुटुंबनियोजनाची ‘केस’. त्यापलीकडे तिला शरीर असते, याची नोंदच नव्हती. म्हणून दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करण्यात आली. आजारी म्हणून दवाखान्यात आलेल्याच नव्हे, तर गावातल्या सर्वसाधारण स्त्रियांचा त्यात समावेश होता. अशा प्रकारचा गावपातळीवरचा अभ्यास तेव्हा विरळाच.

१०/
जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ने निष्कर्ष छापले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते. दर स्त्रीमागे सरासरी ३.६ विकार. त्यांपैकी जवळजवळ निम्मे जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचे. आणि पूर्वी कधी तरी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के. पुढे जगभरात स्त्रियांच्या आरोग्याचा विचार बाळंतपणापलीकडे गेला, त्या चर्चेत या निबंधाचा दाखला वारंवार दिला गेला. गावांत मात्र निबंध वाचून दाखवून भागणारे नव्हते. तेथे ‘जागर’ झाला. स्त्रीच्या शरीराविषयी चित्रे, गाणी आणि संवाद यांतून चारचौघांत प्रथमच मोकळेपणाने बोलले गेले.

११/
आता मुलांकडे वळू. १९८८ च्या सुमारास या गावांत जन्मणाऱ्या दर हजार बाळांमागे १२१ बाळे वर्ष पुरे होण्याआधीच दगावत. म्हणजे आठात एक. अभय बंग यांनी आपल्या लेखनात आणि व्याख्यानांत अशा एका बाळाची हकीकत सांगितली आहे. पावसाळ्यात आई आणि आजी त्याला घेऊन धावत आल्या, आणि उपचार सुरू होण्याआधीच ते गेले. त्या एका मृत्यूमागे त्यांनी अठरा कारणांची साखळी मोजली. गरोदरपणात मुद्दाम कमी खाणे, जन्मतः कमी वजन, पाणी घातलेले दूध, जुलाब, मांत्रिकाकडे गेलेले दिवस, पूर आलेली नदी आणि तिच्यावर नसलेला पूल.

१२/
या साखळीतली आतड्याची कडी नीट समजून घेण्यासारखी आहे. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक रसांकुर असतात. अन्नरस त्यांच्यातून शोषला जातो. दूषित पाण्याने आणि वारंवारच्या संसर्गाने या अस्तराला दाह होतो, रसांकुर झिजून आखूड होतात आणि खाल्लेले अंगी लागत नाही. कुपोषित शरीर पुढच्या जंतूशी लढू शकत नाही, म्हणून पुन्हा जुलाब आणि पुन्हा दाह. हे चक्र फिरत असताना न्यूमोनिया गाठतो. मृत्यूच्या दाखल्यावर नाव एका रोगाचे लिहिले जाते. काम साऱ्या साखळीने केलेले असते.

१३/
साखळीत अठरा कड्या असल्या तरी ती एका ठिकाणी तोडली तरी तुटते, हा बंग यांचा मुद्दा. याला एक थोर पूर्वदाखला आहे. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने थैमान घातले. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा यांचे पाणी नातेवाइकांच्याच हाती दिले. मृत्यूंचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून तीन-चार टक्क्यांवर आले. तीच पुढे घरोघर पोहोचलेली जलसंजीवनी. जुलाब सुरू असतानाही साखरेसोबत मीठ शोषले जाते, हे प्रयोगशाळेतले ज्ञान. ते आईच्या हाती देण्याचे धैर्य छावणीतले.

१४/
गडचिरोलीत हेच धैर्य न्यूमोनियाबाबत दाखवले गेले. ५८ गावांत निमवैद्यकीय कार्यकर्ते, गावातले आरोग्यसेवक आणि दाया यांना न्यूमोनिया ओळखून कोट्रायमॉक्साझोल हे औषध देण्यास शिकवले. शेजारच्या ४४ गावांशी तुलना केली. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला : उपचार मिळालेल्या मुलांपैकी ०.८ टक्के दगावली. तुलनेच्या गावांत न्यूमोनिया झालेल्यांपैकी १३.५ टक्के. डॉक्टर गावात न जाताही गावातला न्यूमोनिया बरा होऊ शकतो, याचा हा पुरावा होता.

१५/
पण एक अडचण होती. न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटभर श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास साठ किंवा अधिक, त्याहून मोठ्याचे पन्नास किंवा अधिक भरले, तर धोका. दायांना मात्र बारापलीकडे मोजता येत नसे. मग मण्यांची एक साधी पाटी तयार झाली. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ उलटायचे आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वरच्या ओळीत पाच हिरवे आणि एक लाल, खालच्या ओळीत चार हिरवे आणि एक लाल. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. दाईला साक्षर होईपर्यंत थांबवण्याऐवजी उपकरणच तिच्या मोजणीपर्यंत खाली आले.

१६/
न्यूमोनियाचे मृत्यू घटल्यावर उरलेल्या मृत्यूंचे चित्र स्पष्ट झाले. त्यांतले बहुतेक जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले होते. १९९५-९६ मध्ये ३९ गावांतील ७६३ नवजात बाळांचे घरी जाऊन निरीक्षण झाले. निम्म्याहून अधिक बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती. ती मिळाली फक्त २.६ टक्क्यांना. बाळंतिणीची खोली अंधारी, बाहेरच्यांना मज्जाव आणि रुग्णालय दूर. बाळ रुग्णालयात जात नसेल, तर रुग्णालयातली काळजी त्या अंधाऱ्या खोलीत नेणे एवढाच मार्ग उरत होता.

१७/
त्यासाठी गावातल्याच, थोडेफार शिकलेल्या स्त्रिया निवडल्या, त्या ‘आरोग्यदूत’. बाळाचे वजन करणे, ताप पाहणे, ऊब राखणे, श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देणे आणि जंतुदोष झाल्यास जेंटामायसिनचे इंजेक्शन टोचणे, हे सारे त्या शिकल्या. शेवटच्या कामाला वैद्यकीय वर्तुळातून आक्षेप होता. पदवी नसलेल्या हातात सुई द्यावी काय? आक्षेप निराधार नव्हता; चुकीच्या इंजेक्शनाने बाळाचा जीवही जाऊ शकतो. म्हणून उत्तर वादाने न देता नोंदींनी द्यायचे ठरले. प्रत्येक भेट, प्रत्येक लक्षण आणि प्रत्येक सुई कागदावर उतरवली जाई.

१८/
डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने त्या नोंदींचा हिशेब छापला. आरोग्यदूत असलेल्या ३९ गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला. तुलनेच्या ४७ गावांशी ताडून पाहता तिसऱ्या वर्षी निव्वळ घट ६२ टक्के. जंतुदोष झालेल्या बाळांतील मृत्यू १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर. ज्या स्त्रियांच्या हातात सुई देण्याबद्दल शंका होती, त्यांच्या हातांनी काय साधले, ते या अंकांत आहे. तरीही एका जिल्ह्यातला प्रयोग म्हणून तो बाजूला सारता आला असता. पुढे महाराष्ट्रातल्या इतर संस्थांनीही ‘अंकुर’ प्रकल्पात तो आपापल्या भागांत राबवून पाहिला.

१९/
दरम्यान दुसरी मोजणी सुरू होती. शासकीय नोंदींतले बालमृत्यू आणि गावात प्रत्यक्ष होणारे बालमृत्यू यांत मोठी तफावत होती. राज्यभरातील तेरा संस्थांनी एकत्र येऊन आपापल्या गावांत जन्ममृत्यू मोजले आणि २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रात दरवर्षी सुमारे पावणेदोन लाख बालके मरतात, असा त्याचा अंदाज होता. हे शीर्षक मुद्दाम लक्षात घ्यावे. ‘बालमृत्युदर’ हा शब्द कार्यालयातल्या कपाटात राहतो. ‘कोवळी पानगळ’ वर्तमानपत्रांत, विधिमंडळात आणि घराघरांत पोहोचली. पुढे राज्य शासनाने बालमृत्यूंच्या मूल्यमापनासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्षपद अभय बंग यांच्याकडे आले.

२०/
या दांपत्याच्या मराठी लेखनाकडेही याच नजरेने पाहावे. अभय बंग यांच्या ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी आलेल्या हृदयविकाराच्या झटक्यानंतर एका डॉक्टराने स्वतःच्याच शरीराचा केलेला अभ्यास आहे. मराठीत ते अफाट वाचले गेले. राणी बंग यांचे ‘गोईण’ गडचिरोलीतल्या स्त्रिया आणि झाडे यांच्या मैत्रीविषयी आहे, आणि ‘कानोसा’ स्त्रियांच्या शरीराविषयीच्या बोलण्याचा. ‘गोईण’ म्हणजे मैत्रीण. या पुस्तकांत ज्ञान देणारी बाई आदिवासी आहे आणि टिपून घेणारी डॉक्टर. विज्ञानप्रसाराची नेहमीची दिशा येथे उलटी झालेली दिसते.

२१/
सगळेच प्रश्न असे सुटले नाहीत. लोकांनी मांडलेल्या दुःखांत दारू फार वर होती. मोठ्या जनआंदोलनानंतर १९९३ मध्ये गडचिरोलीत दारूबंदी झाली. चंद्रपूर जिल्ह्यातही स्त्रियांच्या दीर्घ लढ्यानंतर २०१५ मध्ये ती आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदीचा उपयोग किती, अवैध विक्री किती, हा वाद राजुऱ्याच्या चौकातही ऐकू येतो. न्यूमोनियाच्या मण्यांसारखा लाल मणी येथे कुणाला सापडलेला नाही. सामाजिक रोगाची मोजणी शारीरिक रोगाहून अवघड असते, आणि ती करणाऱ्याला टीकाही अधिक सोसावी लागते.

२२/
राष्ट्रीय पातळीवर मात्र दोन खुणा स्पष्ट आहेत. २०११ मध्ये केंद्र शासनाने नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर स्वीकारला आणि तो आशा कार्यकर्त्यांकडे सोपवला. २०१८ मध्ये अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने देशातल्या दहा कोटींहून अधिक आदिवासींच्या आरोग्याचा अहवाल सादर केला. त्याच वर्षी दोघांना पद्मश्री मिळाली. त्या अहवालाची मध्यवर्ती तक्रार ओळखीचीच होती : आदिवासींच्या आरोग्याची वेगळी, विश्वासार्ह माहितीच पुरेशी उपलब्ध नाही. जे मोजले जात नाही, त्याची तरतूदही होत नाही.

२३/
वाचकहो, हा इतिहास पाहायला गडचिरोलीला जाण्याची गरज नाही. राजुरा तालुक्यातल्या कोणत्याही गावात बाळ रुग्णालयातून घरी आले, की आशाताई येते : तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. तिच्या पिशवीत वजनकाटा, तापमापी आणि घड्याळ असते. ती बाळाच्या छातीवरचे कापड बाजूला करते आणि मिनिटभर काही न बोलता श्वास मोजते. त्या मिनिटामागे तेंदूपत्त्याचे गोदाम आहे, बारापर्यंतच मोजणाऱ्या दाया आहेत आणि रक्त देऊन आम्हांला मिळाले काय, असे विचारणारी माणसे आहेत. ती घरी आली, तर तिला बसायला द्या आणि ते मिनिट पुरे होऊ द्या.